पाखरांची फांदी

मजगाव, रत्नागिरी
२७ मे २०२४

प्यारे चाचा,

अस्सलामु अलैकुम.

फोनवर मी ओरडते, तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, आणि तुम्ही 'अलहम्दुलिल्लाह' म्हणून मोकळे होता. गेल्या वेळी अम्मीचा गुडघा सुजलाय म्हटलं, तरी तुम्ही अलहम्दुलिल्लाहच म्हणालात. अम्मी अजून ते विसरलेली नाही. म्हणून हा कागद. हर्णैचा रेहान गुरुवारी ओमानला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र आणि सुक्या सोड्यांची पिशवी पाठवते आहे. सोड्यांकडे नंतर बघा.

काल सकाळी साखरप्याकडून आनंदीबाई नावाच्या एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, दोन एसट्या बदलून आलेल्या. पाणीसुद्धा न घेता त्यांनी पिशवीतले दहा-बारा आंबे ओट्यावर मांडले आणि म्हणाल्या, "खा, आणि काय ता सांग." मी सुरी आणायला उठले. तर म्हणाल्या, "सुरी नको. चोखायचे हायत."

मी परत खाली बसले. हापूस कोणी चोखायला देत नाही.

आंबा निव्वळ रायवळ होता. रेषाळ, आंबटगोड, अर्ध्याहून जास्त कोय. बाईंनी पदराच्या गाठीतून प्लास्टिकमध्ये जपलेली चिठ्ठी काढली. आब्बा प्रत्येक कलमाबरोबर द्यायचे तीच. त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हापूस. आई : बडी बी. जुलै २०१८.' म्हणजे आपल्या थोरल्या हापूसच्या झाडाचंच कलम. बारा कलमं नेली होती बाईंनी. पाच वर्षं पाणी घातलं, उन्हाळ्यात डोक्यावरून हंडे वाहिले. यंदा पहिला आंबा धरला तो हा.

आब्बांना जाऊन तीन वर्षं झाली. नर्सरी मी चालवते, पण येणारा माणूस अजून 'नासिरची कलमं' असंच म्हणतो. त्या नावावर आमची चूल पेटते आणि त्या नावावर मी झोपते. चाचा, डोळे मिटून पान चुरून हुंगून झाडाचं नाव सांगणारा माणूस होता तो. लहानपणी मी त्यांना फसवायला दोन झाडांची पानं एकत्र चुरून द्यायची, तर ते दोन्ही नावं सांगायचे आणि वर 'तुझ्या हाताला सुक्या जवळ्याचा वास येतोय' म्हणायचे. त्यांच्या हातून रायवळ हापूस म्हणून कसा गेला?

त्या जुलैत तुम्ही इथेच होतात. काही आठवतं का?

तुमची,
उझमा

*

सोहार, ओमान
१० जून २०२४

प्यारी बेटी उझमा,

वालेकुम सलाम. भाबींना सांग, त्यांच्या गुडघ्यासाठी रोज दुआ करतो. पंपाच्या आवाजाने कान गेले, त्यात माझा काय गुन्हा? सोडे पोचले. आधी पत्रच वाचलं.

तू अजून लहान आहेस, म्हणून इतकी घाबरलीस. एक बाई आली, बारा कलमं खराब निघाली. तिला बारा नवी दे, वर दोन जास्त दे, चहा पाज आणि एसटीत बसवून दे. झालं. धंद्यात असं होतं. इथे खजुरीच्या बागेतही होतं.

कसं झालं विचारतेस, तर ऐक. त्या दिवसांत माझं व्हिसाचं मेडिकल चाललं होतं. मी दिवसभर बाहेर असायचो. कलमाच्या काड्या नासिरभाईनेच कापल्या. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, वर चढणं होत नव्हतं. खालच्या खाली हाताला आल्या त्या कापल्या असतील. नजरेचा दोष, माणसाचा नाही. अल्ला त्याला जन्नत नसीब करो.

पण हे बाहेर बोलू नकोस. गेलेल्या माणसाचं नाव चव्हाट्यावर कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुझा,
तहा चाचा

*

मजगाव
१४ जुलै २०२४

चाचा,

सलाम. तुमचं पत्र मी अम्मीला वाचून दाखवलं. नजरेचं वाचलं तशी ती उठून आत गेली. मलाही वाईट वाटलं. मोतीबिंदू काढा, काढा म्हणून आपण मागे लागायचो आणि ते 'कलमांचा हंगाम संपू दे' म्हणायचे.

पण तुमच्या पत्राने मला एक धागा मिळाला. 'खालच्या खाली.' बडी बीला कलमाच्या जोडाच्या खालून फुटलेली एकच फांदी आहे. आब्बांची पाखरांची फांदी. खालचं खोड रायवळाचं, म्हणून फांदीही रायवळच. लोक म्हणायचे, "नासिर, ही छाट, झाडाचं बळ खाते." आब्बा म्हणायचे, "आपण लावलेल्या झाडाचं पाखराने खाल्लं, जनावराने खाल्लं, तरी तो आपला सदका, आपलं दान, असं नबींनी सांगून ठेवलंय. वरचं माणसांना, खालचं पाखरांना." आनंदीबाईंचा एक आंबा आणि त्या फांदीवरचा शेवटचा एक आंबा मी एका ताटलीत ठेवून रघूकाकांना दिले. काका आब्बांच्या हाताखाली वीस वर्षं कलमं बांधत आलेत. दोन्ही चोखून झाल्यावर ताटली परत देत म्हणाले, "एकाच आवशीचे हायत."

एकाच आईचे, म्हणजे बारा नव्हे, चाचा. त्या वेळी त्या फांदीच्या काड्यांची जितकी कलमं झाली तितकी सगळी. आब्बांच्या वहीत कोणतं कलम कुठल्या गावाला गेलं ते लिहिलेलं आहे. त्या जुलैची दोनशे बारा कलमं, एकतीस घरं. राजापूरपासून गुहागरपर्यंत.

मी दोन दिवस काही खाल्लं नाही. मग ठरवलं. मी या एकतीसही घरी जाणार, स्वतःहून सांगणार, आणि झाड न काढता तिथल्या तिथे बदलून देणार. या वर्षी फांद्या छाटायच्या, त्यांना नवे कोंब येऊ द्यायचे, आणि पुढच्या पावसात त्या कोंबांवर बडी बीच्या शेंड्याच्या काड्या बांधायच्या. पाच वर्षांचं मूळ जमिनीत आहेच, दोन-तीन वर्षांत आंबा धरेल. नवी रोपं दिली तर त्या बाईंनी परत पाच वर्षं हंडे वाहायचे का?

झाकल्या मुठीचं म्हणाल, तर कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. यंदा बाईंच्या झाडाला आंबा धरला, पुढच्या वर्षी तिसांच्या धरेल. नबी बाजारातून जात होते, धान्याच्या राशीत हात घातला तर आत ओलं निघालं. विकणाऱ्याला म्हणाले, ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. चाचा, कलमाची रास आतून बघायला पाच वर्षं लागतात. आमच्यावर विश्वास टाकण्यावाचून घेणाऱ्याला दुसरा रस्ताच नाही. म्हणून मला भीती वाटते, आणि म्हणूनच जायचंय.

दुआ करा.

उझमा

*

सोहार
५ सप्टेंबर २०२४

उझमा,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तुझ्या बापाने तीस वर्षांत कमावलेलं तू तीस दिवसांत घालवशील. ज्याने मुसलमानाचा ऐब झाकला त्याचा ऐब कयामतच्या दिवशी अल्ला झाकेल, हेही नबींनीच सांगितलंय. ते नाही वाचलंस? जन्म दिलेल्या बापाचा ऐब दारोदार सांगत फिरणार?

स्कुटीवरून एकटी मुलगी गुहागरपर्यंत जाणार, पायात साप आला तर? थांब. मी सुट्टीवर येईन तेव्हा बघू.

तहा

*

मजगाव
२ डिसेंबर २०२४

प्यारे चाचा,

अस्सलामु अलैकुम. तुमचं रागाचं पत्र मिळालं, आणि राग समजला. पण ती हदीस माणसाच्या ऐबाची आहे, मालाच्या नाही. हे मी आपल्या मशिदीतल्या मौलानांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, चाचाला सांग, माणूस झाक, माल उघड. पायात साप आला होता. रघूकाकांनी काठीने उचलून बाजूला ठेवला.

एकतीसही घरं झाली, चाचा! तीस घरची झाडं छाटूनही झाली. काय काय बघितलं ते सांगायला हा कागद पुरायचा नाही.

पहिल्या घरी शब्दच फुटेनात. मग मनाशी एक वाक्य ठरवून टाकलं आणि पुढे सगळीकडे तेच म्हटलं : 'आब्बांची नजर गेली होती, काड्या चुकीच्या कापल्या गेल्या, दोष आमचा आहे, झाड मी बदलून देते.' लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग रघूकाकांकडे. एक म्हणाले, "म्हणजे आता औषधबिषध विकायला आलीस काय?" एका घरी आजोबांनी हाताला धरून आत नेलं, फणसपोळी पुढे केली आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत खत खोटा, बी खोटा, औषध खोटा, सगळा घेतला. सांगायला कोण आला नाय." ते रडत होते आणि मीही मेली हातात फणसपोळी धरून रडत होते.

दुसऱ्या बाजूने ऐका. लांज्याचे एक मोठे बागायतदार दोन हजार कलमं नेणार होते. त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी नको म्हणून कळवलं. वर्षाचा निम्मा धंदा गेला. नर्सरीतल्या दोन बायकांना कामावर ठेवता येत नाही, हे त्यांना सांगताना मला त्या आजोबांच्या घरच्यापेक्षा जास्त रडू आलं. अम्मी म्हणते, पोटाचं रिज्क देणारा लांज्यात राहत नाही. ती हे गुडघ्याला तेल चोळत म्हणते, म्हणून मला पटतं.

आणि छाटणी! जिवंत, हिरवंगार, पाच वर्षांचं झाड, बुडापासून कमरेइतकं ठेवून बाकी सगळं कापायचं. पहिली फांदी पडली तेव्हा माझा हात थांबला. आनंदीबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी झाडाच्या खोडावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "काप. तो तुझ्याकडे बघतोय, असा थांबलीस तर त्यालाच भीती वाटेल." अकरा झाडं कापली. बारावं त्यांनी कापू दिलं नाही. "एक ऱ्हाऊ दे. नातवंडांना चोखायला." आब्बांनी पाखरांची फांदी का ठेवली हे या बाईंना कोणी सांगितलं असेल? मी तरी नव्हतं सांगितलं.

राहिलं एकतिसावं घर. हेदवीचे भिकाजीभाऊ. जयगडच्या जेटीवरून फेरीबोटीने तवसाळला उतरलो आणि तिथून पुढे. आब्बांचे जुने गिऱ्हाईक, त्यांची सगळी बाग आपल्या कलमांची. सात कलमं त्या वेळची. फाटकाशीच उभं राहून त्यांनी माझं ठरलेलं वाक्य ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झाला तुझा बोलून? मग जा." आणि फाटकाला आतून साखळी. मी महिन्याने परत गेले. तीच साखळी. तिसऱ्यांदा गेले तर फाटकाशीही आले नाहीत. त्यांचा राग बरोबरच आहे. पण सात झाडांसाठी मी सातशे वेळा जाईन.

नर्सरी टिकेल की नाही ते पुढच्या पावसाळ्यात कळेल. बांधलेली कलमं जगली तर लोक परत येतील, नाही तर 'नासिरची कलमं' संपली. आब्बा म्हणायचे ते सारखं आठवतं : बांधायचं आपण, जीव लावायचा अल्लाने.

तुमची,
उझमा

*

सोहार
१८ मार्च २०२५, रमजान

उझमा बेटा,

तुझं डिसेंबरचं पत्र मी रोज वाचतो. इफ्तारनंतर सगळे बोलत बसतात, मला ऐकू येत नाही, मग मी तेच काढून बसतो. त्यातलं एक वाक्य मला पुढे जाऊ देत नाही. तू एकतीस घरी म्हणालीस ते, नासिरभाईच्या नजरेचं.

नासिरभाईची नजर कमी होती, हे खरं. पण काड्या त्याने कापल्या नाहीत. मी कापल्या.

त्या जुलैत आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. भाईने मला सांगितलं, "तहा, शेंड्यापर्यंत चढ, उन्हात वाढलेल्या काड्या घे. आज पाला खुडून ठेव, दहा दिवसांनी काडीचे डोळे फुगले की काप." बडी बीच्या खोडावर हे एवढं शेवाळ. मी अर्ध्यावर गेलो, पाय घसरला, खाली आलो. आणि समोर पाखरांची फांदी होती. हाताला येणारी, भरपूर काड्यांची. मला जायची घाई होती. माझं मन तेव्हाच इकडे येऊन राहिलं होतं. ती जोडाखालची आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. नाही बेटा, रोजा आहे मला. ध्यानात आलं होतं. मला वाटलं, थोड्या मिसळल्या तर काय होतंय, सगळीच कलमं कुठे जगतात. मग थोड्याच्या दोनशे झाल्या.

तू विचारलंस, वासाने ओळखणारा माणूस कसा फसला. पाला मी खुडून टाकला होता. त्याच्या हातात नुसत्या काड्या दिल्या. हुंगायला पानच ठेवलं नाही मी त्याला. ओल्या फडक्यातली एकेक काडी तो बोटाने चाचपत होता, बिस्मिल्ला म्हणत बांधत होता, आणि मी शेजारी बसून त्याला काड्या पुरवत होतो. नंतर मी इकडे निघून आलो, आणि तो किडनीच्या दुखण्याने तुझ्या फुफूकडे, आमच्या बहिणीकडे, मुंबईला. कलमांना पालवी फुटली तेव्हा हुंगायला तो तिथे नव्हता. चिठ्ठ्या त्याने बांधतानाच लिहून ठेवल्या होत्या, तो परत यायच्या आत कलमं गेलीही.

गेल्या वर्षी तू विचारलंस तेव्हा मी मेडिकलचं खोटं बोललो. पंधरा ओळी लिहून मेलेल्या भावावर ढकललं. मला वाटलं तू घरात ठेवशील. तू तर ते माझं खोटं पाठीवर घेऊन एकतीस दारी गेलीस, स्कुटीवर, सापातून. बेटी, तुझी मला भीती वाटते. तुझ्याएवढा खरा माणूस मी जवळून बघितला नव्हता. बघितला होता, पण तो माझा भाऊच होता म्हणून लक्ष दिलं नाही.

माफ कर, असं लिहिण्याचं तोंड नाही. तू सांगशील ते करीन.

तहा

*

मजगाव
२० जुलै २०२५

चाचा,

सलाम.

चार महिने पत्र लिहिलं नाही. लिहायला बसायची आणि 'चाचा' शब्दापुढे जायची नाही. अम्मीने तुमचं पत्र वाचलं आणि एकच म्हणाली, "मी त्यांच्या डोळ्यांना कोसत होते." तुम्ही आब्बांच्या मयताला येऊ शकला नव्हतात, तेव्हा मला तुमची कीव आली होती. या वेळी आली नाही.

पण काम थांबवलं नाही. जूनच्या मध्यापासून मी आणि रघूकाका रोज पहाटे नमाजनंतर निघतो. या वेळी शेंड्यावर मी स्वतः चढले. शेवाळ अजून तेवढंच आहे. काड्या केळीच्या खोडाच्या ओल्या सोपात गुंडाळायच्या आणि दुपारच्या आत पोचायचं. कोंबाला उभी चीर, काडीला पाचर, चिरेत पाचर बसवायची, पट्टी आवळायची. मग पंधरा-वीस दिवस काही करता येत नाही. बघायचंही नाही, असं काका म्हणतात. मी बघते.

आनंदीबाईंकडे अठराव्या दिवशी गेले. एका काडीच्या टोकाला डोळा उकलला होता. नखाएवढं तांबूस पान, ओलसर, दोन्ही कडा मिटलेल्या. मी मातीत बसूनच राहिले. चाचा, एक झाड कापलं, दुसरं कापलं, जखमेला जखम लावून बांधली, आणि त्यातून हे! कुठलं पाणी कुठून कुठे गेलं, कोणी रस्ता दाखवला? लहानपणापासून हजारो कलमं बघितली, पण खरं बघितलं ते त्या दिवशी. सुभानल्लाह म्हणत राहिले. आनंदीबाई म्हणाल्या, "हापूस हाय काय गो?" मी म्हटलं, "हाय." त्या म्हणाल्या, "मग रडतंस कशाला?"

दोनशे चार झाडं बांधून झाली. एकोणीस झाडांवर काड्या वाळल्या, तिथे पुन्हा बांधल्या. त्यातल्या चार झाडांवर तिसऱ्यांदा. त्या फणसपोळीवाल्या आजोबांनी गावातल्या सहा जणांना आपल्याकडे पाठवलं. कामावरच्या दोन्ही बायका परत आल्या. दोन हजारांची मागणी गेली ती गेली, पण नर्सरी उभी आहे.

राहिलं ते तुमचं. झाडं मी बदलली. ती माझ्याने झाली. पण 'आब्बांची नजर' हे शब्द मी एकतीस दारी ठेवून आलेय, ते मला उचलता येत नाहीत. शब्द तुमचे होते. ज्याने बांधले त्यानेच सोडवावेत. यादी सोबत जोडते आहे. घरी येण्याआधी तिकडे जा. हेदवीच्या भिकाजीभाऊंची सात झाडं तशीच आहेत, फाटकाला साखळी आहे, आणि मला आता तिथे जायला तोंड नाही.

उझमा

*

हेदवी
१४ सप्टेंबर २०२५

उझमा बेटा,

अस्सलामु अलैकुम.

गाडीने चार तासांवर आहेस आणि पत्र लिहितोय. तुझ्यासमोर बोलायची हिंमत अजून गोळा झालेली नाही.

तुझं पत्र मिळालं त्याच आठवड्यात मालकाची परवानगी काढून निघालो. मुंबईला उतरून सरळ यादीतलं पहिलं घर गाठलं. नऊ दिवसांत तीस घरं. मी बहिरा माणूस, हळू बोलतोय असं मला वाटतं, पण माझा कबुलीजबाब सगळ्या वाड्यांनी ऐकला. एका ठिकाणी तर शेजारचे लोक कुंपणाच्या गडग्यावर येऊन बसले. 'नासिरने काही चुकवलं नाही, हे माझं पाप,' असं ओरडून सांगितलं. काही हसले, काही शिव्या दिल्या, बहुतेकांनी चहा दिला. आनंदीबाईंनी मला त्या राखलेल्या झाडाखाली उभं केलं आणि 'हात लाव त्याला' म्हणाल्या. लावला.

बारा ऑगस्टला इथे आलो. साखळी होतीच. भिकाजीभाऊ पडवीत बसून होते, उठले नाहीत. मी फाटकातूनच सगळं सांगितलं. शेवाळ, फांदी, खुडलेला पाला, मेडिकलचं खोटं, सगळं. पाऊस पडत होता. ते उठले, भिजत माझ्यापर्यंत आले आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, "म्हणजे नासिर चुकला नव्हता?"

"नाही."

"त्याच्या नाकाखाली पान ठेवलाच नव्हतास?"

"नाही ठेवलं."

त्यांनी साखळी काढली. म्हणाले, "मी तुझ्या पुतणीवर झाडांसाठी रागावलेलो नाय. झाडा काय, बदलता येतात. पण नासिरने हापूस म्हणून रायवळ कापलान, असा त्याचीच पोर माझ्या दारात येऊन सांगते, तर मी ता ऐकून घेऊ काय? आंधळा झाला असता तरी त्याने हुंगून कापलान असता. मना ठाऊक होता, ही पोर कोणाचा तरी खोटा बोलतेय. खरा बोलायला कोणतरी येईल म्हणून दार लावून बसलो."

बेटा, एकतीस घरांत हाच एक माणूस होता ज्याने तुझ्या-माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. त्याने तुझ्या आब्बांवर ठेवला. सख्ख्या भावाने केलं नाही ते याने वर्षभर साखळी लावून केलं. मी तिथेच चिखलात उभा राहिलो आणि लहान मुलासारखा रडलो.

मग त्यांनी मला मागे नेलं. सातही झाडं छाटलेली होती. तू पहिल्यांदा येऊन गेलीस त्याच महिन्यात त्यांनी ती छाटली होती आणि कोंब वाढवून ठेवले होते. "काडी कुठली लावणार?" मी विचारलं. त्यांनी बोट दाखवलं. वीस वर्षांपूर्वी नासिरभाईने स्वतः येऊन लावलेलं कलम, आता घराएवढं झालंय. बडी बीचीच लेक. "चढतंस काय?" म्हणाले.

चढलो. अठ्ठावन्न वर्षांचा मी, शेवाळावरून, शेंड्यापर्यंत. खाली भिकाजीभाऊ छत्री धरून उभे, जसा काही मी पडलो तर ती झेलणार होती. वर एक पान चुरून डोळे मिटून हुंगलं. मग काड्यांचा पाला खुडला. डोळे फुगेपर्यंत दहा दिवस इथेच पडवीत राहिलो. परत चढलो, काड्या कापल्या, बिस्मिल्ला म्हणून बांधल्या. त्यांच्या घरी गणपती आले, मोदक खाल्ले, माझी नमाजची जागा ते रोज झाडून ठेवायचे. तुझ्यासारखाच मीही रोज बघायला जायचो. ते मला रागवायचे.

परवा सकाळी पहिला डोळा उकलला. आज सहा झाडांना पालवी आहे. सातव्याच्या काड्या वाळल्या. दुपारी पुन्हा चढलो आणि नव्या काड्यांचा पाला खुडून आलो.

सातवं बांधून झाल्यावर घरी यायचं म्हणतो. भाबींना विचार, आणि तुझ्या मनाला विचार. नाही म्हणालीस तर इथूनच परत जाईन, गिला-तक्रार नाही. पण त्याआधी एकदा तू इकडे ये. पान अजून कोवळं आहे, वास यायला आठ दिवस लागतील. तो पहिला तू घ्यावास असं भिकाजीभाऊंचं म्हणणं आहे. फाटकाची साखळी त्यांनी काढून विहिरीच्या रहाटाला लावली आहे.

तहा